ठेच लागल्यानंतरचा एक सेकंद

अंधारात पलंगाच्या पायावर करंगळी आपटते. काहीतरी लागलं हे लगेच कळतं. पाय आपोआप वर उचलला जातो. त्यानंतर एक चमत्कारिक क्षण येतो. खरं दुखणं अजून सुरू झालेलं नसतं, पण ते येणार याची पुरती खात्री असते. आपण डोळे मिटून, दात आवळून वाट पाहतो. आणि मग ती कळ येते, सावकाश, ठणकत, पाऊलभर पसरत.

हा उशीर भास नसतो, तो मोजता येतो. एकाच ठेचेच्या दोन-तीन बातम्या वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि वेगवेगळ्या वेळी पोचतात. चेतासंस्थेतल्या पेशी समजावून सांगताना बहुतेक जण मेंदूपासून सुरुवात करतात. मला करंगळी बरी वाटते. त्या एका सेकंदात जवळजवळ सगळ्या पेशींची हजेरी लागून जाते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि 'मानेत नस दबली' म्हणताना मज्जातंतूलाही नसच म्हणतो. रक्त तपासायला टोचतात ती वेगळी आणि दबल्यावर हाताला मुंग्या आणते ती वेगळी. शाळेच्या पुस्तकात चेतापेशी असतात, डॉक्टर न्यूरॉन म्हणतात. इथे मी पेशीला न्यूरॉन म्हणेन आणि पेशींपासून निघालेल्या लांब धाग्यांच्या जुडीला मज्जातंतू. नस हा शब्द बाजूलाच ठेवू.

तर करंगळीच्या कातडीतला स्पर्श टिपणारा न्यूरॉन. त्याचा धागा, म्हणजे अक्षतंतू, बोटात आहे. पण त्याचं शरीर बोटात नाही. ते कमरेच्या खाली, मणक्याशेजारच्या एका लहानशा गाठीत बसलेलं असतं. तिथून एक फाटा पायाच्या टोकापर्यंत उतरतो. दुसरा फाटा मज्जारज्जूत शिरतो आणि स्पर्शाच्या बाबतीत थेट कवटीच्या तळापर्यंत चढतो. मध्ये कुठेही जोड नाही. पायाच्या बोटापासून मानेच्या वरपर्यंत एकच पेशी, उंच माणसात जवळपास दीड मीटर लांब. न्यूरॉन एकदा तयार झाले की सहसा विभागत नाहीत, त्यामुळे ही पेशी तुमच्याच वयाची असते. तुमची उंची वाढली तशी तीही ताणत, वाढत गेली.

या लांबीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. पेशीचं शरीर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं धरा. ते फुगवून पाच मीटरची खोली केली, तर बोटापर्यंत जाणारा मीटरभराचा धागा त्याच प्रमाणात १०० किलोमीटर लांब होईल आणि त्याची रुंदी असेल जेमतेम एक मीटर. खोलीत सगळं सामान बनतं आणि १०० किलोमीटरच्या त्या बोगद्यात ते पोचवायचं असतं. पोचवतात कोण? काइनेसिन नावाची प्रथिनं. ती पेशीतल्या नळ्यांवरून अक्षरशः पाऊल टाकत चालतात, पाठीवर सामानाची पिशवी घेऊन. त्यांतली जलद वाहतूक दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर अंतर कापते, म्हणजे कमरेपासून बोटापर्यंत अडीच दिवस. धाग्याच्या सांगाड्याला लागणारी प्रथिनं मात्र दिवसाला एखाद-दुसरा मिलिमीटर सरकतात. त्यांना दीड ते पावणेतीन वर्षं लागतात.

हे एकदा लक्षात आलं की कितीतरी दुखणी उलगडतात. मधुमेह जुना झाला की बधिरपणा आणि मुंग्या पायाच्या बोटांपासूनच का सुरू होतात? साखर काही पाय शोधत जात नाही. सर्वांत लांब धाग्यांचा संसार चालवणं सर्वांत कठीण, म्हणून ते आधी कोलमडतात. बधिरपणा वर सरकत गुडघ्याच्या आसपास आला की साधारण त्याच सुमारास हाताची बोटंही तक्रार करू लागतात, कारण मग त्या लांबीच्या धाग्यांची पाळी आलेली असते. डॉक्टर याला मोजे-हातमोजे म्हणतात, कारण बधिर झालेला भाग नेमका तेवढाच असतो.

बोगद्यात उलटी वाहतूकही आहे, बोटाकडून खोलीकडे. तिची प्रथिनं वेगळी, नाव डायनिन. वापरलेला माल परत नेणं हे तिचं काम. रेबीजचा विषाणू नेमका याच गाडीत बसतो आणि चावलेल्या जागेपासून मेंदूकडे निघतो. म्हणून चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा जास्त घाईचा मानतात. पायाला चावलं म्हणून लस घ्यायला उशीर करावा असा याचा अर्थ अजिबात होत नाही. धनुर्वाताचं विषही याच वाटेने वर चढतं. ते पोचल्यावर काय करतं ते पुढे येईलच.

बातमी पळते कशी

सामान दिवसांत पोचतं, बातमी सेकंदाच्या भागात. इथे विजेचा संबंध आहे, पण घरातल्या तारेसारखा नाही. न्यूरॉनच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. ही स्थिती टिकवायला पेशीच्या पटलावरचे पंप सतत राबतात. प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. त्यातला मोठा वाटा या पंपांचा आहे. डोकं चालवलं म्हणून दमलो असं आपण म्हणतो. ते नुसतं तयार ठेवायलाच इतका खर्च येतो.

करंगळी चेपली गेली की तिथल्या धाग्याच्या टोकाची दारं उघडतात. सोडियम आत घुसतं, तेवढी जागा क्षणभर धन होते, आणि ते पाहून शेजारची दारं उघडतात. मग त्यांच्या शेजारची. साधारण एका मिलिसेकंदात पहिली दारं बंद होऊन पोटॅशियम बाहेर पडतं आणि जागा पुन्हा पहिल्यासारखी ऋण होते. पेटलेली वात आठवा. ठिणगी पुढे पळते आणि शेवटीही सुरुवातीइतकीच तेज असते, कारण प्रत्येक ठिकाणी ती तिथलंच इंधन जाळते. फरक इतकाच की ही वात मिलिसेकंदभरात पुन्हा कोरी होते. आणखी एक गोष्ट: ठिणगी लहान-मोठी नसते. पेटते किंवा पेटत नाही. हलका स्पर्श आणि जोराची ठेच यांतला फरक सेकंदाला किती ठिणग्या गेल्या आणि किती वाती पेटल्या यावरून कळतो.

विज्ञानाला हे सगळं कळलं ते माणसापेक्षा माकुलावर्गातल्या स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्यामुळे. त्याच्या अंगात एक अक्षतंतू असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. त्यात तार घालून अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी आतली वीज मोजली आणि १९५२ मध्ये तिचं गणित मांडलं. स्क्विडला एवढा जाड धागा का लागतो? जाड धाग्यातून ठिणगी वेगाने जाते आणि त्याला शत्रू दिसताच निसटायचं असतं. पण हा उपाय आपल्याला परवडला नसता. आपल्या एका डोळ्यामागच्या मज्जातंतूत दहा लाखांच्या आसपास धागे आहेत. प्रत्येक अर्धा मिलिमीटर जाड केला, तर डोळ्यामागे अर्धा मीटर जाडीचा ओंडका बसवावा लागला असता. प्रत्यक्षात तो मज्जातंतू काही मिलिमीटरचाच आहे.

आपल्या शरीरात दुसरा तोडगा आहे आणि तो न्यूरॉनचा स्वतःचा नाही. इथे दुसऱ्या पेशी मदतीला येतात. हातापायांतल्या मज्जातंतूंत श्वान पेशी असतात (जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून नाव पडलं, आपल्या श्वानाशी संबंध नाही). ही पेशी धाग्याभोवती स्वतःलाच गुंडाळत जाते, वेढ्यावर वेढे, जखमेवर पट्टी बांधावी तशी. हे स्निग्ध आवरण म्हणजे मायलिन. दोन श्वान पेशींमध्ये बारीकशी उघडी फट राहते. सोडियमची दारं त्या फटींतच दाटीने असतात. त्यामुळे ठिणगी इंच-इंच सरपटत नाही, फटीवरून फटीवर उडी मारते. स्क्विडच्या अर्ध्या मिलिमीटरच्या धाग्यातून ती जितक्या वेगाने जाते, तितक्याच वेगाने आपल्या पाच-सहा मायक्रोमीटरच्या मायलिन चढवलेल्या धाग्यातून जाते.

आता ठेचेकडे परत या. स्पर्शाचे धागे जाड आणि मायलिनने लपेटलेले असतात. त्यांतून बातमी सेकंदाला ३५ ते ७५ मीटर पळते, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचू शकते. टोचल्यासारखी पहिली तीव्र कळ पातळ मायलिनच्या धाग्यांतून येते. ठणकणारं, जळजळणारं दुखणं आणणारे धागे मात्र उघडेच असतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, चालत्या माणसाइतका. मीटरभराच्या पायाला एक सेकंद. दात आवळून आपण जी वाट पाहतो, ती मायलिन नसलेल्या धाग्यांची वाट असते.

दात काढताना हिरडीत देतात ते इंजेक्शन सोडियमची ही दारंच बुजवतं. बारीक धागे आधी गप्प होतात, जाड धागे उशिरा. म्हणून दुखत नाही, पण ओढल्याचं, दाबल्याचं कळत राहतं. बरेच जण याला घाबरतात आणि भूल चढलीच नाही असं समजतात. चढलेली असते.

मायलिन गेलं तर? मेंदू आणि मज्जारज्जूत ते श्वान पेशी बनवत नाहीत. तिथे ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी हे काम करतात. त्यांतली एकेक पेशी हात पसरून वेगवेगळ्या धाग्यांचे चाळीस-पन्नास तुकडेसुद्धा लपेटू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या मायलिनवर उलटते. हा हल्ला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागी होतो, म्हणून आज डोळा, पुढच्या वर्षी पाय अशी विस्कळीत दिसणारी लक्षणं एकाच आजाराची निघतात. गियाँ-बारे आजारात बहुतेकदा हातापायांतल्या मायलिनवर हल्ला होतो. काही दिवसांत माणूस अंथरुणाला खिळतो, पण श्वान पेशी मायलिन पुन्हा चढवू शकतात, म्हणून अनेक जण महिन्यांनी उठून चालू लागतात. कुष्ठरोगाचा जंतू तर श्वान पेशींच्या आतच बिऱ्हाड करतो. त्या रोगात बोटं झिजतात ती मुख्यतः दुखणं कळत नाही म्हणून. भाजलं, कापलं, काटा रुतला, पण बातमीच आली नाही.

फट

पाय वर उचलण्याचा निर्णय मेंदूने घेतलेला नसतो. बातमी मज्जारज्जूत पोचते आणि तिथेच एक न्यूरॉन दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला कळवतो. शेवटचा स्नायूला आज्ञा देतो. मेंदूला नंतर कळवलं जातं.

हे 'एक न्यूरॉन दुसऱ्याला' म्हणणं आज सोपं वाटतं. त्यावरून मोठं भांडण झालं होतं. १८७३ मध्ये इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूच्या पेशी काळ्या रंगवण्याची युक्ती शोधली. तिच्यात एक खोट होती. शेकडो पेशींतल्या एखाद-दुसऱ्याच रंगत. ही खोटच कामाची ठरली. गर्द रानात सगळीच झाडं रंगवली तर काहीच दिसत नाही. एकच झाड काळं केलं तर त्याची फांदीन् फांदी दिसते. गोल्जी यांना स्वतःला मात्र सगळ्या पेशी एकमेकींत मिसळून एकच सलग जाळं झालेलं वाटलं. स्पेनमधले सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच युक्ती सुधारून वापरली आणि १८८८ पासून उलट दाखवलं: प्रत्येक पेशी सुटी आहे, ती दुसरीला खेटते पण मिसळत नाही. १९०६ मध्ये दोघांना मिळून नोबेल पारितोषिक दिलं. गोल्जी यांनी पारितोषिकाच्या भाषणातच काहाल यांचं म्हणणं खोडून काढण्याचा प्रयत्न केला. बरोबर होते काहाल. मधली फट साधारण २० नॅनोमीटरची आहे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात दाखवलं.

ठिणगी फट ओलांडत नाही. ती टोकाशी पोचली की तिथल्या पुड्या फुटतात, त्यांतलं रसायन पलीकडे जातं आणि तिथली दारं उघडतं. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याच्या मज्जातंतूला विजेने डिवचून ते मंद केलं आणि त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसऱ्याला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रवात होता. प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली, रात्री कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं तेव्हा उठून थेट प्रयोगशाळा गाठली, असं लोवी सांगत.

प्रत्येक रसायन 'पेट' असंच सांगतं असं नाही. काही न्यूरॉनचं काम फक्त 'गप्प बस' म्हणणं हे आहे, आणि माझ्या मते चेतासंस्थेतली सर्वांत कमी कौतुक झालेली मंडळी हीच. पाय उचलताना मांडी-पोटरीचे काही स्नायू आखडतात; त्याच वेळी त्यांच्या विरुद्धचे स्नायू सैल सोडावे लागतात, नाहीतर पाय जागीच अडकेल. ते सैल सोडायला हे नकार देणारे न्यूरॉन लागतात. धनुर्वाताचं विष वर चढून नेमकी यांचीच पुडी बंद करतं. मग शरीरातला प्रत्येक स्नायू एकाच वेळी आखडतो, जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाचं नाव त्यावरूनच पडलं. विष कुठल्याही स्नायूला जोर देत नाही. ते फक्त 'नको' म्हणणाऱ्यांचं तोंड बांधतं.

ठेच लागली की आपण बोट चोळतो, तेही याच मंडळींच्या भरवशावर. चोळण्याचा स्पर्श जाड धाग्यांतून मज्जारज्जूत येतो आणि नकार देणाऱ्या न्यूरॉनना जागं करतो. ते मागून येणाऱ्या दुखण्याच्या बातमीचं दार अर्धवट लोटतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला.

बाकीची निम्मी वस्ती

बातमी मेंदूत पोचली. तिथे किती न्यूरॉन आहेत? बरीच वर्षं '१०,००० कोटी' असं ठोकून दिलं जाई. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू विरघळवून त्याचं एकजीव द्रावण केलं आणि त्यातली पेशींची केंद्रकं मोजली. २००९ मध्ये आकडा आला: सुमारे ८,६०० कोटी. त्यांतले जवळपास ६,९०० कोटी डोक्याच्या मागच्या छोट्या मेंदूत, ज्याचं वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं. विचार करणारा म्हणून मिरवणाऱ्या मोठ्या मेंदूच्या सालीत १,६०० कोटी.

त्याच मोजणीत आणखी एक दंतकथा गेली. न्यूरॉन नसलेल्या पेशी, म्हणजे मुख्यतः ग्लिया, न्यूरॉनच्या दहापट आहेत असं पुस्तकांतून छापलं जात होतं. त्या निघाल्या साधारण बरोबरीने. ग्लिया म्हणजे चिकट पदार्थ, गोंद. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये हे नाव दिलं, तेव्हा ती न्यूरॉनच्या मधली निव्वळ भर आहे असाच समज होता. मराठीत 'चेताश्लेष्म पेशी' म्हणतात, त्यातही तोच चिकटपणा आला. नावाने माणसाचं नुकसान होतं तसं पेशींचंही होत असावं. शंभरेक वर्षं त्यांच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

ऑलिगोडेंड्रोसाइट भेटलीच. दुसरी ताऱ्यासारखी अ‍ॅस्ट्रोसाइट. तिचा एक हात रक्तवाहिनीवर आणि दुसरे हात न्यूरॉनमधल्या फटींवर असतात. ग्लुटामेट हे मेंदूतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं 'पेट' रसायन. ते फटीत साचून राहिलं तर न्यूरॉन पेटून पेटून मरतात. अ‍ॅस्ट्रोसाइट ते सतत शोषून घेते, बिनधोक करून परत पुरवते. २०१३ मध्ये नवजात उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लियाच्या मूळ पेशी सोडल्या गेल्या. मोठे झाल्यावर ते उंदीर साध्या उंदरांपेक्षा काही चाचण्यांत लवकर शिकले. न्यूरॉन उंदराचेच होते.

तिसरी मायक्रोग्लिया, मेंदूतली पहारेकरी. ती गर्भ अगदी लहान असताना बाहेरून येऊन मेंदूत वसते. जंतू, मेलेल्या पेशी, वाढीच्या वयात नको असलेले न्यूरॉनचे जोड, सगळं खाऊन साफ करते. म्हातारपणी तीच भडकली तर नुकसानही करते; अल्झायमरच्या संशोधनात आता तिच्यावर बारीक नजर आहे. चौथ्या एपेंडायमल पेशी, मेंदूतल्या पोकळ्यांचं अस्तर. त्यांच्यावरची लव तिथलं पाणी हलतं ठेवते.

ग्लिया विभागू शकतात, म्हणून मोठ्या माणसाच्या मेंदूत तिथल्याच पेशींपासून झालेला कर्करोग बहुधा ग्लियांचा असतो, न्यूरॉनचा क्वचितच.

मज्जातंतू तुटला तर काय होतं, हेही याच सोबतिणी ठरवतात. मज्जारज्जूत धागा तुटला की अ‍ॅस्ट्रोसाइट त्या जागी दाट वण धरतात आणि मायलिनचे अवशेष नवी वाढ अडवतात. धागा पुढे सरकत नाही. हातापायांत तसं नसतं. तुटलेल्या जागेच्या पुढचा धागा मरतो, पण श्वान पेशी मागे राहतात, कचरा साफ करतात आणि रिकाम्या नळीत रांग धरून उभ्या राहतात. वरून आलेला नवा कोंब त्या रांगेतून वाट काढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना, फ्रान्सचे ज्यूल तिनेल यांनी ही वाढ बाहेरून ओळखण्याची खूण सांगितली. मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलकेच ठोकत जायचं. कोवळं टोक जिथवर आलं असेल, नेमक्या तिथे ठोकल्यावर पुढे बोटांकडे झिणझिण्या जातात. महिन्याने पुन्हा ठोकून पाहावं, तर ती जागा तीनेक सेंटिमीटर खाली सरकलेली असते.